झाडांसकट ना?

अरिस्ती,

नाही, झाडं विकायचा तुला हक्कच नव्हता! जमीन बाबांनी तुला दिली, पण तिच्यातली ऑलिव्हची सतरा झाडं आईने लग्नात मला दिली. क्रीटमधल्या आपल्या गावात जमीन एकाची, झाडं दुसऱ्याची असतात. अथेन्सला जाऊन विसरलास?

चूक माझीही आहे. विक्रीच्या कागदांवर सह्या करताना नोटरीने विचारलं, "झाडांसकट ना?" तू मान डोलावलीस आणि मी गप्प बसले. वाटलं, भाऊ आहे, झाडं ताईची आहेत म्हणून आत्ता सांगेल.

आत्ता त्यातल्याच एका झाडाला टेकून लिहितेय. समोर करवतवाला ओरडतोय, "मावशी, सरका! जमीन आता नव्या मालकांची आहे!"

"मग जमीन ने की उचलून! झाडं माझी आहेत."

त्याने करवत सुरू केलीय. पत्र इथेच संपवून मी त्याच्यासमोर उभी राहायला जाते.

अजून तरी तुझीच ताई,
कालिरोई