हवा, पेट्रोल, ठिणगी

५ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कारण एकच. पुढे कोणी विचारलं की एवढी जुनी गाडी जिवंत कशी केलीत, तर तपशील हाताशी असावेत.

सासऱ्यांची डोंगरात पळवायची मोटरसायकल. गुडघे गेल्यापासून शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. काल जेवताना बाबांनी जाहीर केलं की २० एप्रिलला, त्यांच्या पंचाहत्तरीला, गाडी सुरू झालेली असली तर ती याच घरात राहील. नाहीतर साडूभाऊ घेऊन जातील. साडूभाऊंचं फर्निचरचं शोरूम आहे. ते तिला भिंतीवर टांगणार आणि खाली सोफा मांडणार. ही एकदम म्हणाली की मला ती टांगलेली बघायची नाही, मी तिच्या टाकीवर बसून लहानाची मोठी झालेय. डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, मी आहे ना.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. विश्वासाने असणार.

८ जानेवारी
जुना कार्ब्युरेटर काढला. काळवंडलेला, चिकट, दयनीय. बाबा पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, नुसता धुतलात तरी चालेल हो, जावईबापू. म्हातारी माणसं भावुक होतात. मी अपग्रेड करणार आहे.

कार्ब्युरेटर निघाला की इंजिनचं तोंड उघडं पडतं. धूळ जाऊ नये म्हणून पायातला मोजा काढून आत खोल कोंबला. काळा, ऑफिसचा. बाहेरून दिसतसुद्धा नाही. लोक नुसता कागद लावतात. काम करावं तर असं.

९ जानेवारी
ही विचारत होती, दुसरा मोजा कुठाय. म्हटलं, तुझ्या वॉशिंग मशीनला विचार.

२२ जानेवारी
जुना कार्ब्युरेटर ऑफिसात नेला. टेबलावर पेपरवेट म्हणून झकास दिसतो. साहेबांनी विचारलं हे काय. सविस्तर सांगितलं. साहेबांना मध्येच मीटिंग आठवली.

मोटरसायकलवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये सामील झालो. 'डोंगरघोडी' नावाचा. एका दंतवैद्याने विचारलं होतं की गोल स्लाइडचा कार्ब्युरेटर घ्यावा की चपट्या. मी लगेच उत्तर दिलं, चपट्या. अजून हातात घेतलेला नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

१२ फेब्रुवारी
चपट्या स्लाइडचा आला. रेसिंगचा. बसवला. म्हणजे बसला नाही, बसवला. मधल्या रबराला जरा गरम पाणी, जरा साबण आणि बरीच शिवीगाळ लागली.

किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. बाबा पायरीवर चहाचा कप धरून कान देऊन ऐकत होते. म्हणाले, ती श्वास घेत नाहीये. छान बोलतात. तरुणपणी कविता करत असावेत.

निदान: जेट, म्हणजे आत पेट्रोल सोडणारं बारीक भोक, चुकीचा. मोठा मागवला.

१९ फेब्रुवारी
मोठा जेट. काही नाही. त्याहून मोठा मागवला.

२० फेब्रुवारी
संकल्प: रोज पहाटे उठून पायांचे व्यायाम. किक मारायला मांड्या पाहिजेत.

२१ फेब्रुवारी
गजर वाजला. मी तो बंद केला. शरीराला विश्रांतीही लागतेच.

५ मार्च
किक सटकली आणि दांडा नडगीवर बसला. हिने हळद लावली आणि विचारलं की हवा तपासलीस का. म्हणे, लहानपणी ही बाबांच्या हाताखाली पाने-पकडी द्यायची तेव्हा ते पाठ करून घ्यायचे: आधी हवा, मग पेट्रोल, मग ठिणगी. मी हसलो. हवा काय तपासायची? हवा सगळीकडे असते.

पण वाक्य चांगलं आहे. ग्रुपवर माझ्या नावाने टाकलं. बावीस अंगठे आले.

७ मार्च
मूळ दोष सापडला. दोष कार्ब्युरेटरचा नाहीच, इग्निशनचा आहे. या गाडीत अजून पॉइंट्स! दोन चिमुकले पत्रे उघडमीट करणार आणि त्यावर म्हणे ठिणगी पडणार. इलेक्ट्रॉनिक इग्निशन मागवलं. सोबत मोठी कॉइल, जाड वायर, रेसिंग प्लग. शिवाय पंपाचा कार्ब्युरेटर, म्हणजे अ‍ॅक्सिलेटर पिळला की स्वतःहून पेट्रोलची पिचकारी मारणारा. ही म्हणाली, याने काय होईल. म्हटलं, फरक कळेल.

१४ मार्च
ऑफिस. एक नमुनेदार प्रकरण आलं. एका गृहस्थाने नवं वॉशिंग मशीन घेतलं, वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले बोल्ट काढलेच नाहीत आणि चालू केलं. मशीन घरभर नाचलं, भिंतीला धडकलं, मोडलं. वर विम्याचा दावा! नामंजूर केला. शेरा: 'स्वतःच्या घोर निष्काळजीपणामुळे.' आपणच आणलेल्या वस्तूच्या आत काय राहिलंय हे ज्याला बघता येत नाही, त्याला मशीन विकूच नये.

२६ मार्च
इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. प्लग हातात धरून ठिणगी तपासली. ठिणगी उत्तम आहे. खांद्यापर्यंत उत्तम आहे.

पंपाचा कार्ब्युरेटरही चढवला. अ‍ॅक्सिलेटर पिळला, पेट्रोल खाली गळून माझ्या बुटात गेलं. म्हणजे पंप चालतो. गाडी सुरू झाली नाही, पण आता ती फार वरच्या दर्जाने सुरू होत नाहीये.

२ एप्रिल
आनंदाची बातमी! दंतवैद्याची गाडी सुरू झाली. माझं वाक्य वाचून त्याने आधी हवा तपासली, तर एअर फिल्टरमध्ये गांधीलमाश्यांचं पोळं. त्याने मला ग्रुपवर 'गुरुजी' म्हटलं. अ‍ॅडमिन व्हाल का असंही विचारलंय. नम्रपणे होकार दिला.

हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, आपली कधी होणार?

बायकांना यश वाटून घेता येत नाही.

११ एप्रिल
मेहुणीचा फोन. साडूभाऊंनी भिंतीला हुक मारून घेतले. पक्के, चार. सोफ्याचा रंगही ठरला.

बाबा आज पायरीवर आलेच नाहीत. ही म्हणाली, त्यांना ती किक ऐकवत नाही. त्यांना वाटतंय, गाडी मेली. मी हे त्यांच्यासाठीच तर करतोय. जवळजवळ.

१५ एप्रिल
पहिला चपटा पुन्हा लावला. मग पंपवाला. मग उधार आणलेला तिसरा. पाने इतकी फिरवली की तळहाताला फोड. गाडीला एकच कार्ब्युरेटर लागतो ही तिची मर्यादा आहे.

१९ एप्रिल
उद्या. मनःस्थिती शांत. भाषण तयार ठेवलं आहे. शीर्षक: 'जिद्द'.

२० एप्रिल, सकाळ
साडूभाऊ टेम्पो घेऊनच आले. सोबत दोर आणि गाडीला ओरखडा नको म्हणून गाद्या. मनुष्य तयारीचा आहे, मान्य करावं लागतं. मेहुणी, शेजारी, सगळे अंगणात. बाबांना खुर्ची. अकराला किक मारणार.

२० एप्रिल, दुपार
झालं ते जसंच्या तसं लिहितो. रोजनिशीशी खोटं बोलू नये.

किक मारली. मारली. मारली. शर्ट भिजला. एकदा बुटासकट पाय मागे शेजाऱ्यांच्या कुंडीत गेला. साडूभाऊ मवाळपणे म्हणाले, राहू द्या हो, दमलात. त्यांनी दोर सोडवायला घेतला. बाबा जमिनीकडे बघत होते.

तेव्हा ही उठली. साडीचा पदर खोचला, माझ्या हातातला पाना घेतला आणि कार्ब्युरेटर काढला. बाबांनी मान वर केली. म्हणाले, आधी काय? ही म्हणाली, हवा. आणि तिने त्या तोंडात दोन बोटं घातली. थांबली. मग हळूहळू, विहिरीतून बादली काढावी तसा, मोजा बाहेर आला. काळा. ऑफिसचा.

मेहुणीने तोंडावर रुमाल धरला. साडूभाऊ माझ्या पायांकडे बघू लागले.

हिने कार्ब्युरेटर परत लावला आणि किक मारली. दुसऱ्या किकला सुरू. असा आवाज की शेडची पत्र्याची भिंत थरथरली. इथे नोंद असावी की इग्निशन माझंच होतं.

बाबा रडत होते. सरळ, सगळ्यांसमोर. मग खुर्चीतून उठून गाडीपाशी आले आणि हिला म्हणाले, चल. ही पुढे, बाबा मागे, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. गल्लीच्या टोकाला वळताना हिने एक पाय जमिनीला टेकवून मागचं चाक असं फिरवलं की मी लग्नाच्या बायकोला पहिल्यांदा बघत होतो.

'जिद्द' खिशातच राहिलं. गाडी हिच्या नावावर होणार आहे.

टेम्पो रिकामा जायला नको म्हणून साडूभाऊंनी माझे उरलेले कार्ब्युरेटर मागितले. शोभेला. हुक तयारच होते.

२१ एप्रिल
ग्रुपचं अ‍ॅडमिनपद सोडलं. कारण: कौटुंबिक.

मोजा धुऊन दोरीवर वाळत होता. सकाळी हिने जोडी करून पलंगावर ठेवली. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. दोन्ही घालून ऑफिसला गेलो. एकाला पेट्रोलचा वास येतो.

जुना कार्ब्युरेटर टेबलावरून उचलून घरी न्यायला पिशवीत ठेवला. बाबांना धुवायचाय. त्याच्याखाली वॉशिंग मशीनवाल्या गृहस्थांचा कागद होता. त्यांनी फेरविचाराची विनंती केली आहे. दार लावून पुन्हा वाचला.

मंजूर केला. शेरा: 'असं कोणाचंही होऊ शकतं.'