मेणाने बुजवलेले छिद्र

प्रिय अनंता,

पन्नास वर्षे तुला पत्र लिहिताना आरंभी 'चिरंजीव' असे. आज लेखणी त्या शब्दापाशी थांबली. 'प्रिय' असे तुला जिवंतपणी कधीच लिहिले नाही, ते आज लिहितो आहे. थोरल्या भावाने धाकट्याला असे लिहायचे नसते, ही समजूत मी कुठून आणली होती?

काल तुझे वर्षश्राद्ध झाले. मुक्ताने केले, मंत्र मी सांगितले. लेक श्राद्ध करते म्हणून दोन आप्त कुजबुजले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "बापाच्या शेजारी उभे राहून जिने पोलाद जोडले, तिला दर्भ धरता येत नाही काय?" पिंडदान झाले, तिलोदक झाले, पाने उठली. शेवटी क्षमायाचनेचा मंत्र आला आणि माझा स्वर अडला. आयुष्यभर इतरांच्या घरी तो मंत्र मी न अडखळता म्हणत आलो. काल अडखळलो, कारण ज्याची क्षमा मागायची ते कृत्य मागच्या शेडमध्ये खुंटीला टांगलेले होते.

तुझी शेवटची फ्रेम, अनंता. ती मी बिघडवली.

क्रमाने सांगतो. तुला माझे पाल्हाळ आवडत नसे, पण आज ऐकून घे.

कारखान्यातून निवृत्त होऊन तू दर्पण कॉलनीतल्या या घरी आलास आणि मागच्या शेडमध्ये पोलादी नळ्यांचा भारा आणून टाकलास, तो दिवस आठवतो? मुक्ता तेरा वर्षांची होती. तिला ट्रायल्सची सायकल हवी होती. दगडावरून दगडावर उड्या मारायच्या आणि पाय भुईला टेकवायचा नाही, असला तो खेळ! मी विचारले, "हिला बसायची जागा कुठे आहे?" तू म्हणालास, "अण्णा, हिच्यावर बसायचंच नसतं." मी म्हटले, "मग तिला सायकल तरी कशाला म्हणायचे?" तू हसलास आणि कानस चालवू लागलास. देवघराची खिडकी तुझ्या शेडकडे उघडते. माझ्या जपात तुझ्या कानशीचा आवाज येई, आणि मी खिडकी लावून घेई. दहा वर्षे लावून घेतली, अनंता! एकदा तरी उघडी ठेवून पाहायला हवी होती.

वजनावरून तुम्हा बापलेकीचे भांडण मात्र बंद खिडकीतूनही ऐकू येई. तुळईला टांगलेल्या काट्यावर तू फ्रेम अडकवायचास आणि मुक्ता काटा स्थिर होण्याआधीच ओरडायची, "बाबा, दोन किलो तीनशे! बाकी सबकी दो के नीचे है. मी काय लोखंडाचं दुकान घेऊन दगडावर चढू?"

"मग सकाळचे पोहे कमी कर," तू म्हणायचास. "तीनशे ग्रॅम तिथेच निघतील."

"ॲल्युमिनियमची घेऊन द्या ना!"

"ॲल्युमिनियम फार सभ्य असतं बेटा. तोंडातून शब्द न काढता एकदम मोडतं. पोलाद आधी कुरकुरतं, मग वाकतं, तेव्हा कुठे तुटतं. तुला खाली उतरायला वेळ देतं."

एकदा तू मला बळेच शेडमध्ये नेलेस. नळी दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते, हे हातात देऊन दाखवलेस. "सगळा भार सांध्यावर येतो, अण्णा. मध्ये उगाच जाडी ठेवली तर ती नुसती ओझं होते." मागचे चाक चार मिलिमीटर जवळ घेतले की पुढचे किती सहज उचलले जाते, आणि आणखी चार घेतले की स्वार पाठीवर कसा पडतो, हेही सांगितलेस. मी मान डोलावली. माझे लक्ष सोवळ्याला काजळी लागेल इकडे होते. त्याच दिवशी तू मला नळीच्या टोकाजवळचे ते बारीक छिद्र दाखवलेस. "हे नसेल तर झाळताना आतली हवा तापते आणि सांध्यात भरलेला पितळेचा रस बाहेर उडवते. काम झालं की ह्यातूनच जवसाचं तेल आत सोडायचं, म्हणजे गंज धरत नाही." हे सारे शब्द मला आज जसेच्या तसे आठवतात. वर्षापूर्वी आठवले असते तर!

तुझी अखेरची फ्रेम झाळून पूर्ण होती. तेल सोडायचे आणि रंग द्यायचा राहिला होता. शेडमधल्या पाटीवर तुझ्या अक्षरात लिहिलेले अजून आहे: 'मुक्ता. मागून पाच कमी. वजनावर बोलायचं नाही.' चालवण्याच्या बाबतीत तिचे मागणे तू पूर्ण केलेस आणि वजनाच्या बाबतीत तसूभर ढळला नाहीस. ते लिहिलेस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू चहाचा कप खाली ठेवलास आणि पुन्हा उचलला नाहीस.

तेराव्याला मी उदकशांत केली. अभिमंत्रित पाणी घरभर शिंपडले, माणसांवर शिंपडले, आणि कलश घेऊन शेडमध्ये गेलो. तुझ्या हातांनी शेवटी ज्या वस्तूला स्पर्श केला, तिच्यावर चार थेंब शिंपडून माझे मन भरले नाही. मी धार धरली. मंत्र म्हणत, कलश रिता होईपर्यंत. मग ते छिद्र दिसले. मला वाटले, काम अर्धे राहिले म्हणून हे भोक उघडे पडले आहे. यात कुंभारीण माशी घर करील. निरांजनाशेजारची मेणबत्ती आणली आणि ते नीट, घट्ट बुजवले. आपण भावासाठी काहीतरी केले, या समाधानाने मी बाहेर आलो. पाणी आत आणि मेण वर! अज्ञानाने केलेल्या भक्तीबद्दल मी किती प्रवचने केली असतील? तिचा आवाज मात्र मी परवा प्रथम ऐकला.

परवा श्राद्धाआधी शेड झाडायला गेलो. फ्रेम खुंटीवरून काढली, तर आत काहीतरी खुळखुळले. तुझ्या वाक्याप्रमाणे पोलाद कुरकुरत होते. मी छिद्राकडे पाहिले, मेणाकडे पाहिले, आणि तुझे सगळे सांगणे एकदम आठवले.

याहून वाईट पुढे आहे. काल दुपारी पाने उठल्यावर मुक्ता शेडमध्ये गेली. वर्षभर तिने त्या दाराची कडी काढली नव्हती. "बाबांचं वर्ष होऊ द्या, मग रंग देईन आणि खदानीतल्या दगडांवर नेईन," असे ती म्हणत आली होती. थोड्या वेळाने फ्रेम खांद्यावर घेऊन ती अंगणात आली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होते!

"अण्णाकाका, ये क्या बज रहा है? आतून काहीतरी वाजतंय."

आणि मी म्हणालो, "धूळ असेल."

पंचाहत्तर वर्षांचा, सत्य बोलावे असे लोकांना शिकवून म्हातारा झालेला मी असे म्हणालो! तिने मानही डोलावली. माझ्या शब्दावर तिचा विश्वास आहे. त्या विश्वासाने ती ही फ्रेम पुरुषभर उंचीच्या दगडावरून खाली उतरवणार होती.

आज सकाळी संध्येला बसलो, पण आचमनाचे पाणी तळहातावरून पुढे जाईना. तसाच उठलो. मुक्ता अंगणात सँडपेपर घेऊन बसली होती, रंगाची तयारी. तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळे सांगितले. कलश, धार, मेण, आणि कालची 'धूळ'ही.

तिने सँडपेपर खाली ठेवला. मग म्हणाली, "पानी डाला, ठीक है. तुम्हाला माहीत नव्हतं. पण काल? काल तर माहीत होतं ना, अण्णाकाका?"

"होते."

"मी पडले असते तर?"

स्वयंपाकघराच्या दारातून शालिनीने सारे ऐकले होते. नवरा जाऊन वर्ष झालेली ती बाई चहाचे दोन कप घेऊन आली आणि आमच्या मध्ये ठेवून म्हणाली, "आधी चहा घ्या, मग भांडा. गार झाला तर पुन्हा करणार नाही मी." तुझ्या बायकोला तू नीट ओळखत होतास ना, अनंता? मी आज ओळखले.

मुक्ताने हॅकसॉ आणली. मी फ्रेम धरली, तिने खालची मोठी नळी कापली. तुझ्या हातच्या नळीवर करवत चालताना दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही. तळाच्या बाजूला, जिथे पेडलचा आस बसतो तिथे, वीतभर आतून तपकिरी पापुद्रे निघाले. खरवडले तर खाली खड्डे होते. मिलिमीटरहून पातळ पोलादात खड्डे! मुक्ताने त्यावर बोट फिरवले आणि म्हणाली, "इथेच गेलं असतं." तारेला कापूस गुंडाळून बाकीच्या सर्व नळ्यांतून फिरवला. कापूस पांढरा आला. एकट्या त्या नळीने सगळे पाणी पोटात घेतले होते.

मी म्हणालो, "नळी बदलता येईल?"

"भाऱ्यात एकच उरली आहे. जाड वाली. नव्वद ग्रॅम वाढतील." ग्रॅमाग्रॅमासाठी तुझ्याशी भांडणारी पोर हे बोलली आणि खाली पाहत राहिली. "आणि बाबांचे दोन सांधे वितळवावे लागतील."

तुझ्या चितेला तिनेच अग्नी दिला. त्यानंतर तिने शेडमधली ज्योत पेटवलेली नाही. हे मला ठाऊक होते, तरीही मी म्हणालो, "तुला येते ते काम. अनंताने शिकवले आहे."

"हात कापतो, अण्णाकाका."

"माझाही कापतो. पण कानस कापऱ्या हाताने चालते की नाही?"

तिने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही? कानस? सोवळं काळं होईल तुमचं."

"होऊ दे."

तेव्हा ती हसली. पूर्ण नाही, तुझ्यासारखे एका बाजूने. मग उठून तिने नवी नळी वाइसमध्ये आवळली आणि माझ्या हातात अर्धगोल कानस दिली. टोकाला असा गोलवा घासायचा की दुसऱ्या नळीवर बसवून उजेडासमोर धरले तर मधून उजेड दिसता कामा नये. दोन तास घासले. अजून उजेड दिसतो आहे. तळहाताला फोड आला आहे, म्हणून आज अक्षर असे वाकडे आले. तू माझ्या अक्षराला नावे ठेवायचास, आता ठेव!

अनंता, तू माझ्यावर रागावला असशील का? रागाव. तू कधीच रागावला नाहीस, ही माझी जुनी तक्रार आहे. खिडकी लावल्याचा आवाज तुला ऐकू येत होता ना? मग एकदा तरी ओरडून का नाही सांगितलेस, "अण्णा, उघडा ती!"

आता माझा संकल्प ऐक. उजेड दिसेनासा होईपर्यंत मी ती नळी घाशीन, मग कितीही दिवस लागोत. मुक्ता ज्योत पेटवील तेव्हा मी नळी धरून उभा राहीन आणि तिचा हात कापला तर तोंडाने काही म्हणणार नाही, मंत्रही नाही. पितळ गार झाल्यावर त्या छिद्रातून जवसाचे तेल मी स्वतः आत सोडीन, फ्रेम उलटीसुलटी फिरवीन, जादाचे निथळू देईन. त्यानंतर तू करायचास तसे, मुक्ताला चढू देण्याआधी, अंगणाच्या पायरीवर फ्रेम दोनशे वेळा आपटून पाहीन. पंचाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी जेवढे उचलवेल तेवढे, थांबत थांबत, पण दोनशे. आणि मुक्ता खदानीत उतरेल त्या दिवशी मी तिथे दगडावर बसलेला असेन. दहा वर्षांत जिथे एकदाही आलो नाही तिथे.

नव्वद ग्रॅम जास्त भरतील. ते माझे आहेत. तिला ते प्रत्येक दगडावर उचलावे लागतील, आणि मला ते खालून पाहावे लागतील.

छिद्र उघडे राहील. खिडकीही.

तुझा थोरला,
अण्णा