दुसऱ्यांदा मागितलेलं पिठलं

बेहाला, कोलकाता, ८ डिसेंबर २०२४

चि. वैदेहीस आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल.

अगं, मी इतकी आनंदात आहे की काय सांगू! रोज तुझा डबा चाटूनपुसून येतो, वर आत एक संदेश, इथली ती छेन्याची मिठाई. डबा रिकामा परत देऊ नये, हे लक्षात ठेवलंस हो! समोरच्या मुखर्जीबाईंना दाखवला. त्यांना माझं हिंदी कळत नाही, मला त्यांचं बंगाली, पण मिठाई कळली. परवाची मेथी कडू होती, तीसुद्धा संपवलीस! तुझे बाबा म्हणतात, इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना श्वास घ्यायला फुरसत नसते, उत्तर कसलं मागतेस. फोन केला तर तुझी झोपमोड, म्हणून हा कागद डब्यातून. सगळे ऑफिसात गेले की मी कुकरशी बोलते बघ. दोन ओळी टाक. माया आहेच, ती वाढव.

तुझी आजी

सॉल्ट लेक, ११ डिसेंबर

ती. आजीस शि. सा. न.

रागावू नकोस. डबा मी खात नाही. आठवडाभर मी हॉस्पिटलात गेलेच नाही, हॉस्टेलवर पडून आहे. डबा शरद सर खातात, ज्यांनी मला हे काम शिकवलं. तुला काळजी नको म्हणून संदेशही तेच ठेवतात. ड्युटी संपली की तुझं पत्र दाराखालून सरकवतात, थोडं थांबतात. मी दार उघडत नाही. हे पत्रही दाराखालूनच त्यांच्याकडे देईन, डब्यातून येईल.

अपघातातली एक मुलगी आली होती. खूप झटलो. ती गेल्याचं तिच्या आईला मीच सांगितलं. मग आत येऊन तुझी भरली वांगी खाल्ली. आजी, ती वांगी मला छान लागली. बाहेर त्या मुलीची आई रडत होती आणि मी रस्सा पुसून खात होते. मी कसली माणूस झालेय? तेव्हापासून घास उतरत नाही. राजीनामा लिहून ठेवलाय. बाबांना सांगू नकोस. लोभ कमी करू नकोस.

वैदेही

बेहाला, १२ डिसेंबर

चि. वैदेहीस आशीर्वाद.

वेडे, तुझे आजोबा गेले तेव्हा घरात चूल बंद. शेजारची शोभा रीतीप्रमाणे पिठलं-भात घेऊन आली. गरम गरम पिठलं, मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. बायका बघत होत्या, बघेनात का! जन्मभराचा माणूस गेला आणि मला पिठलं गोड लागलं. म्हणून काय माझी माया आटली? जीव आपलं जगायला बघतो गं, आपल्याला विचारत नाही. जेवले, मग रडायलाही बळ आलं.

नोकरी धर की सोड, मला त्यातलं कळत नाही. पण शरदबाबूंना दारात उभं ठेवू नकोस, आपल्यात तसं करत नाहीत. आणि ती कडू मेथी त्यांनी खाल्ली? भला माणूस! वाईट बातमीचं का होईना, तुझं पत्र आलं, मी तीनतीनदा वाचलं. येत राहू दे.

आजी

सॉल्ट लेक, १५ डिसेंबर

ती. आजीस शि. सा. न.

दार उघडलं. सरांना तुझ्या पिठल्याचं सांगितलं. ते म्हणाले, इतक्या वर्षांत आपल्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. ते नेहमी एकटेच जेवतात, कुणी बघू नये म्हणून.

राजीनाम्याचं ठरलं नाही. आज कामावर गेले. दुपारी एक म्हातारे गृहस्थ गेले. मी त्यांच्या बायकोचा हात धरून बसले. मग सर आणि मी समोरासमोर जेवलो. दोघांनीही मान वर केली नाही, पण उठूनही गेलो नाही.

तुझीच,
वैदेही