बर्फाच्या आडोशाला

मिरकरवाडा, रत्नागिरी

उमेर, तुला सलाम आणि घरातल्या सगळ्यांची दुआ. कंबर कशी आहे? कुवेतच्या एसीखाली उघडा झोपू नको म्हणून किती वेळा सांगितलं, पण मोठ्या भावाचं ऐकायचं नाही हा आपल्या घरातला रिवाजच. (माझी तब्येत उत्तम. हृदयात ती स्प्रिंग बसवल्यापासून जिना चढताना धाप लागत नाही. तुझ्या भाभीने हाक मारली की लागते.)

फोनवरच बोललो असतो, पण फोन माझा असला तरी कान तुझ्या भाभीचे, रहिमाचे असतात. म्हणून हे पत्र कुवेतला परत निघालेल्या हर्षदच्या हाती, सुकटीच्या डब्याच्या तळाशी घालून पाठवतो आहे. वाचून फाडून टाक.

ऑपरेशननंतर तुझ्या भाभीने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, की होडीत पाय ठेवला तर त्याच दिवशी होडी विकायची. नबीलकडे कॅनडाला पाठवतानाही विमानतळावर हेच, समुद्र किनाऱ्यावरून बघायचा. आता जन्मभर होडीचं सुकाणू धरून तांडेलकी केलेला माणूस किनाऱ्यावर उभा राहून काय बघणार? पोरगा तिथे लहान बोट घेऊन बर्फाच्या डोंगरांचे आणि देवमाशांचे फोटो काढायला जातो. (आपण बर्फात मासळी ठेवतो, ते लोक बर्फाचे फोटो दिवाणखान्यात लावतात. असो.) तो म्हणाला, बाबा, येता का? मी आधीच बोटीत बसलो होतो.

भगवती किल्ल्यावरच्या दीपस्तंभाएवढा उंच बर्फ, आणि त्याच्या अलीकडे देवमासा फवारे सोडतोय. नबीलला दोघं एकाच फोटोत हवे होते. देवमासा बुजू नये म्हणून त्याने इंजिन बंद केलं, तोच वारा उठला आणि बोट हलायला लागली. वारा उठला की आपण काय करतो? जयगडच्या डोंगराआड शिरतो. मी म्हटलं, एवढा मोठा आडोसा समोर आहे, त्याच्या मागे घे. तो म्हणाला, बाबा, बर्फाच्या जवळ जायचं नसतं. मी म्हटलं, तू मला आडोसा शिकवणार? कॅनडाला गेल्यापासून ज्याने माझं एक ऐकलं नाही, त्याने नेमकं तेव्हा ऐकलं.

बर्फाच्या मागे वारा अगदी पडलेला. नबीलने परत इंजिन बंद केलं. मी 'बघ' म्हणणार, तेवढ्यात बर्फाच्या पोटातून करकर ऐकू आली. मग पाणी ओहोटीसारखं मागे सरलं आणि खालचा हिरवागार बर्फ वर यायला लागला. उमेर, डोंगर उलटत होता. जयगडच्या डोंगराने असं कधी केलं नाही. नबील इंजिन चालू करत होता, ते नुसतं खोकत होतं. मला त्याची मान दिसत होती, लहानपणी जिथे मी तावीज बांधला होता ती. मी घाबरलो, उमेर. स्वतःसाठी नाही. माझ्या हट्टापायी पोरगा जाणार, एवढंच डोक्यात होतं.

शेवटी इंजिन लागलं. थंडीने त्याची बोटं वळत नव्हती, मी त्याला बाजूला ढकलून सुकाणू धरलं. जेवढं लांब पळता आलं तेवढं पळालो, आणि लाट अंगावर आली तेव्हा बोटीची पुढची नाळ वळवून तिच्या तोंडावर घातली. बोट उभी राहिली, आपटली, आणि तरंगत राहिली. देवमासा केव्हाच निघून गेला होता. त्या ठिकाणी शहाणा तो एकटाच.

तुझा मोठा भाऊ,
अस्लम

ता. क. आता खरं काम. होडी नुसती पडून आहे म्हणून भाभीने विकायला काढली, गिऱ्हाईकही आलं आहे, आणि माझे हात त्या दिवसापासून सुकाणू मागतात. भाभीला फोन कर आणि कुवेतचे डॉक्टर हृदयाला समुद्राची हवा द्या म्हणतात, असं सांग. तुझ्यावर तिचा विश्वास आहे.

ता. क. त्या दिवशीच्या फोटोंचा विषय मात्र काढू नको. नबीललाही दम दिला आहे.

उमेर, तुझ्या भाभीचा सलाम. सुकटीचा डबा मीच भरते, हे तुझ्या भावाच्या अजून ध्यानात आलेलं नाही. नबीलने मला त्याच दिवशी फोटो पाठवला. हे सुकाणूवर, टोपी उडालेली, मागे तो हिरवा डोंगर. मी रडले, दोघांना शिव्या घातल्या, आणि परत फोटो बघितला. ऑपरेशननंतर यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. गिऱ्हाईक मी परत पाठवलं आहे. पण त्यांना इतक्यात सांगू नको. आल्यापासून मला घाबरून रोज मासळी साफ करून देतात. बांगड्याचा हंगाम तेवढा जाऊ दे.