पाच वाजता येणारे डॉक्टर

प्रिय भिंगरी,

सर्वप्रथम एका अन्यायाची नोंद व्हावी. मोटारींच्या शोरूममधला सोफा गिऱ्हाइकाला नमवण्यासाठीच बनवलेला असतो, अशी माझी आता खात्री झाली आहे. बसलं की माणूस खाली खाली जातो, गुडघे हनुवटीशी येतात आणि सेल्समन मात्र समोर उंच खुर्चीत. अशा अवस्थेत 'परवडत नाही' हे वाक्य कितीही ठसक्यात म्हटलं तरी आत कुठेतरी घुसमटतं. परवापासून कंबर धरली आहे, ती वेगळीच. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण पुढचं एक फोनवर जमणार नाही, म्हणून कागद घेतला.

तू बसलीच नाहीस. पर्स काखेत मारून, भाड्याची खोली बघायला आलेल्या खाष्ट आत्यासारखी गाडीभोवती फिरत राहिलीस. घरून ठरवूनच निघालो होतो, मी भुलायचं आणि तू नाक मुरडायचं. माझं काम सोपं होतं, मी आधीच भुललो होतो. तू डिकी उघडून "एवढीशीच?" म्हणालीस. दार कुरकुरतं म्हणालीस. कुरकुरत होती तुझी चप्पल. विमा आमचा आम्ही उतरवू, चटया फुकट हव्यात, आणि 'हाताळणी खर्च' या ओळीवर बोट ठेवून, "हाताळली कोणी? आम्ही तर अजून नीट हातही लावला नाही." तो बिचारा तीनदा साहेबांना विचारून आला. साहेब खरंच आत होते की तो नुसता पाणी पिऊन यायचा, देव जाणे.

मग त्याने आवाज खाली आणला. एक डॉक्टर पाच वाजता याच गाडीसाठी येतायत, जास्त द्यायला तयार आहेत. मी तेव्हाच सही केली असती, पण सोफ्यातून उठता येईना. तू आरशावरची धूळ बोटाने पुसत शांतपणे म्हणालीस, "आम्ही ओळखतो की त्यांना. चार वर्षांपूर्वी आमच्या दादाकडेही येणार होते."

तो हसला. त्याला वाटलं, टोमणा त्याला आहे. पाच मिनिटांत किंमत आपल्या आकड्यावर आली. मला, म्हणजे त्या दादाला, मात्र काही ऐकू येत नव्हतं.

तेव्हा तुझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली होती. दोन बस, पोरं लहान. माझी जुनी गाडी मागायला आलीस. मी किंमत सांगितली, तू बोटांवर हिशेब करू लागलीस, आणि तेवढ्यात मी म्हणून गेलो की एक डॉक्टर वीस हजार जास्त देतायत. खोट्या गिऱ्हाइकाला लोक डॉक्टरच का करतात कोण जाणे. वकील म्हटलं तर विश्वास बसत नसावा. कोथिंबिरीच्या जुडीसाठी तीनदा मागे फिरणारी तू, वीस हजार वाढवून मुकाट पैसे मोजलेस. रात्री मी फुशारक्या मारल्या की भिंगरीलाही माझ्यापुढे घासाघीस जमली नाही. तुझी वहिनी ताटं उचलून आत गेली.

तुला सगळं ठाऊक होतं. तरी परवा सुट्टी टाकून माझ्यासाठी भांडायला आलीस, आणि परतताना वाटभर पोरांच्या परीक्षेचं सांगत बसलीस. मी 'हो हो' करत होतो.

डॉक्टर नव्हते, भिंगरी. कोणीच नव्हतं. हे तुला ठाऊक असलं तरी सांगायचं मीच होतं. तुझ्याकडे न येण्याची कामाची जी कारणं मी चार वर्षं देत आलो, त्यांतलीही बरीच खोटीच. आलो की तुझ्या दारात ती गाडी उभी दिसायची, म्हणून टाळायचो. आज सकाळी बँकेत जाऊन वीस हजार तुझ्या खात्यात भरले. पावती सोबत आहे. रविवारी येतो, घरी अस.

तुझाच,
दादा