माझ्या पातीत कुणी येऊ नका

मंगळवार, ९ जानेवारी १९४५

शनिवारी काम सोडलं. आज तिसरा दिवस. हजेरीची एक कोरी वही घरी राहिली होती, तिच्यात लिहिते. परत देणार नाही. येऊ दे कुणाला मागायला.

नव्या साहेबाला येऊन चार महिने. शेतकीची परीक्षा पास. मिशी अजून धड फुटली नाही. मी अठरा वर्षं कारखान्याच्या उसात साठ बायांची मुकादमीण. सकाळी माझी एक हाळी गेली की बाया खुरपायला बसत. तर हा म्हणतो, बाई, तुमचा आवाज बंगल्यात येतो, घरच्यांची झोप मोडते. आणि खिशातून शिट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. बायांदेखत. ओरडायचं नाही, ही फुंकायची. एकदा फुंकून दाखवा.

मी काय आगगाडीची गार्ड?

शिट्टी पाटाच्या पाण्यात फेकली. म्हटलं काढा आणि तुम्हीच फुंका. काठी आपटली, घरी आले.

साठातली एक उठली नाही. एक नाही. माना खाली घालून खुरपत राहिल्या. काही झालं तरी हात थांबवायचा नाही, हे मीच शिकवलेलं.

शुक्रवार, १२

सून सारवत होती. म्हटलं कोपरा राहिला. केला तिनं. म्हटलं उंबऱ्यापाशी जाड झालं. केलं. तिसऱ्यांदा बोलले तशी हात धुऊन उठली.

"आत्याबाई, मी तुमच्या टोळीतली हाय का? टोळी गेली म्हणून माझ्यामागं लागू नका."

खरं बोलली अनुसया. म्हणूनच जास्त राग आला. आमचे हे दुपारी आले, तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, भाकरी खाल्ली, गेले. हे कारखान्याच्याच उसाला पाणी देतात. यांना कोण शिट्टी देत नाही. यांना आवाजच नाही.

सोमवार, १५

कोपरगावला बाजार. टोळीतल्या चौघी भाजीपाशी होत्या. मला बघून पाठ केली. मी मुद्दाम तिथंच वांगी घेत उभी राहिले. वाटलं एक तरी म्हणेल, तुमच्याशिवाय... काही नाही. कोथिंबीर निवडत बसल्या.

कासारीण सवयीनं म्हणाली, "या मुकादमीणबाई." मग जीभ चावली. "आता काय म्हणू वं तुमाला?"

"भागाबाई म्हण. बापानं ठेवलेलं नाव हाय, साहेबानं न्हाई."

बोलले ठणकावून. पण बांगड्या न भरता परत आले. वाटेत कुणाशी बोलले नाही. बोलण्यासारखं कोण होतं.

गुरुवार, १८

मुलाण्याची रहिमतबी आली. दारातूनच, "अक्का, दोन बाया कमी पडल्यात. येतीस का खुरपायला?"

खुरपायला. मला!

ही आता नदीपलीकडच्या बागाईतदाराच्या मळ्यात दहा-बारा बायांची टोळी चालवते. आठ वर्षांमागं माझ्या टोळीत होती. सातवा महिना होता तिला, तिच्या वाट्याची ओळ, तिची पात, रोज मागं राहायची. मी तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं. घरी जा, परत येऊ नको. कुठल्या साहेबानं सांगितलं नव्हतं, माझं मीच. ती तशीच निघून गेली होती. आता दारात उभी राहून खुरपायला बोलावते. टोमणा नाही तर काय.

म्हटलं, "मला काय गरज पडली?"

"तुला नसंल. मला हाय. कांदा गवतात चाललाय." आणि गेली.

बस म्हणाले नाही मी. पाणीसुद्धा विचारलं नाही.

शनिवार, २०

सून आज माझ्याआधी उठली. झाडलोट, पाणी, शेण, सगळं उरकून ठेवलं. माझ्या बोलण्याला काही जागाच ठेवली नाही बयेनं. घराच्या मधोमध उभी राहिले. मग खुरपं घेतलं आणि नदी ओलांडली.

कांद्याच्या शेतात बारा बाया, बारा पाती. अठरा वर्षांत मी खाली बसले नव्हते, काठी घेऊन उभी. अर्ध्या पातीत गुडघे गेले. सगळ्या बांधाला पोचल्या, मी मधेच.

र.बीच्या (रहिमतबी लिहायला लांब पडतं) टोळीची रीत निराळी. पुढं पोचलेली बाई बसत नाही. वळते, आणि मागं राहिलेलीच्या पातीत समोरून खुरपत येते. सामोरं येणं म्हणतात. मी आमच्यात हे कधी चालू दिलं नाही. जिची पात तिनं काढावी, नाहीतर घरी जावं.

आज माझ्या पातीत दोघी सामोऱ्या आल्या. त्यातली एक नवी नवरी, हसत हसत आली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवार, २१

आज पण गेले. आज पण दोघी आल्या.

तळहाताला फोड. बसले की उठता येईना, उठले की बसता येईना. सून तेलाची वाटी घेऊन आली. नको म्हटलं. ठेवून गेली. लावलं मग.

बुधवार, २४

आज सगळ्या मळ्याला हसवलं. खुरपता खुरपता कधी उभी राहिले कळलंच नाही. कमरेवर हात, आणि तोंडातून गेलं, "हात चालवा गं! तोंडं काय चालवता!"

मग जी हसायला लागली टोळी! म्हातारी गयाबाई तर कांद्यात आडवी पडली. र.बी हसली नाही. म्हणाली, "अक्का, बस. उभं राहायचं काम माझं हाय."

बसले. रागानं हात असा चालवला की गवताबरोबर कांद्याची रोपं निघाली. सात-आठ. र.बीनं बघितली. उचलली, परत मातीत खोचली, काही न बोलता पुढं गेली. शिव्या दे की बाई. मी दिल्या असत्या.

शनिवार, २७

आज सांगून टाकलं. "माझ्या पातीत कुणी येऊ नका. माझी मी काढीन."

र.बी म्हणाली, "पात तुझी न्हाई, मळ्याची हाय."

"असू दे. मी धरली ना? मी काढीन."

"बरं. काढ."

काढली. एकटीनं, शेवटपर्यंत. वर मान केली तर उन्हं गेलेली, आणि अकराच्या अकरा जणी बांधावर बसलेल्या. नदी सगळ्यांनी मिळून ओलांडायची असं ठरलेलं, एकीला मागं टाकून जात नाहीत. नव्या नवरीला घरी सासू मारते उशीर झाला की. आणखी एकीचं पोर अंगावर पितं, ती छाती दाबून बसली होती. कुणी तोंडातून शब्द काढला नाही. काढला असता तर भांडले असते, बरं वाटलं असतं.

मोठी शहाणी मी. एका पातीसाठी अकरा घरच्या चुली थांबवल्या. वर माझा मान राहिला म्हणायचं. कुत्रं खात नाही असला मान.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

हे जेवताना म्हणाले, "तुझ्या उसात हरळी माजलीय. शिट्टीवाला मुकादम आणलाय. तो फुंकतो, बाया डोळं वटारतात. साहेब रोज उन्हात हुबा."

"माझ्या उसात न्हाई. त्याच्या उसात."

पण भाकरी एक जास्त खाल्ली. हरळी म्हणजे मुळासकट निघायला पाहिजे, वरवर खुरपली की दुप्पट येते. बस म्हणावं आता फुंकत. असं मनात येऊ नये म्हणतात. येतंय. गोड लागतंय.

मंगळवार, ६

कांदा संपला, मळ्यातला नवा ऊस खुरपायला घेतलाय. आज मी बांधाला चौथी पोचले. बारांत चौथी! कुणी सामोरं आलं नाही, गरजच पडली नाही. पाणी प्याले, बांधावर बसले, पाय पसरले. राणीसारखी.

बघते तर पोचलेल्या सगळ्या वळलेल्या. मी एकटी बसलेली. गयाबाई पार मागं, तिला डोळ्यानं नीट दिसत नाही, हातानं चाचपून गवत काढते. वळावं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा उठवेना. आता उठले तर दिसेल की आधी बसले होते. म्हणून बसूनच राहिले.

ह्या असल्या अकडीला काय म्हणावं. र.बी जवळून गेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बुधवार, ७

आज पाचवी. वळले. गयाबाईच्या पातीत समोरून बसले. मधे गाठ पडली तेव्हा खुरप्याला खुरपं लागलं. म्हातारी डोळे बारीक करून म्हणते, "कोण? मुकादमीण का? काल कुठं मेली हुतीस?"

"बसले हुते."

"बघितलं. एवढं दिसतं मला. आन् आज लई घाई केलीस, आणखी चार हात मीच काढलं असतं."

उपकार नाही, काही नाही. वर उलटं बोलते! इतका राग आला. घरी येऊन सुनेला सांगितलं तर ती हसायला लागली. मग मीही. चूल विझली तरी दोघींना कळलं नाही.

सोमवार, १२

बाजार, मळा बंद. र.बीच्या घरी गेले. ती ज्वारी निवडत होती, मी पण सुपात हात घातला. म्हटलं, "एक विचारू? मी तुझं खुरपं काढून घेतलं हुतं. तू एकदा पण ते बोलून दाखवलं न्हाईस."

"दाखवलं असतं तर तू पात टाकून पळाली असतीस. मला बाई कमी पडती."

"तेवढंच?"

तिनं खडा काढून लांब फेकला. "न्हाई. त्या दिवशी नदीपातूर रडत गेले. तुला लई शिव्या दिल्या. तुझ्या सात पिढ्यांना. झालं समाधान?"

"पोराला काय झालं न्हाई ना तवा?"

"पोरगी झाली. तुझ्यासारखीच बोंबलती दिवसभर."

माफी मागायला गेले होते. मागता आली नाही. ज्वारी सगळी निवडून दिली.

गुरुवार, १५

कारखान्याचा शिपाई गणपत सायकलवर घरी आला. ओट्यावर बसला, टोपी मांडीवर. म्हणे, साहेबानं बोलावलंय. शिट्टी नको. हाळी द्या, कशीही द्या. बंगल्यातल्या बाई माहेरी गेल्यात.

"म्हंजे ती परत आली की परत शिट्टी?"

"तसं काय न्हाई वं. ऊस पार हरळीत गेलाय. साहेब म्हनले, तुमच्याशिवाय हुत न्हाई."

म्हणाले. म्हणाले एकदाचे! छाती इतकी भरून आली की रागच आला छातीचा. त्यांनी बोलावलं म्हणून फुगायचं, त्यांनी हाकललं म्हणून आटायचं. मी काय भाता आहे लोहाराचा?

सून म्हणते जा. आमचे हे म्हणतात तुझं तू बघ. गणपतला म्हटलं नंतर ये.

शुक्रवार, १६

र.बीला सांगितलं. म्हणाली, "जा की. साठ बाया कुठं, बारा कुठं."

राहा म्हणाली नाही. एकदा तरी म्हणायचं. दिवसभर तिच्याशी बोलले नाही. दुपारी तिनं आपल्या भाकरीवरचा ठेचा माझ्या भाकरीवर ठेवला. तरी बोलले नाही.

जावंसं वाटतं. खोटं कशाला लिहू. ती सकाळ, ती हाळी, साठ डोकी एकदम खाली वाकतात, ते आठवलं की अंगात येतं. आणि दुसरंही आठवतं. कितीजणींच्या हातातलं खुरपं काढून घेतलं मी? र.बी एकटी नव्हती. एक दमेकरी होती. एकीचा पाय सुजलेला. नावं आठवायला बसले तर आठवतात, हेच वाईट.

रविवार, १८

गणपत थेट मळ्यात आला. सायकल उसात घातली. र.बी ओरडली, "अरं ए, ती सरी हाय, सडक न्हाई!"

बांधावर उभा राहून म्हणाला, "मुकादमीणबाई, साहेब व्हय का न्हाई इचारत्यात. आज सांगा."

मी पातीत होते. हात थांबवला नाही. म्हटलं, "साहेबाला एक इचारून ये. मी आले तर पुढं पोचलेल्या बाया वळून मागच्यांना सामोऱ्या जातील. साठच्या साठ. कुणाला घरी घालवायचं न्हाई. चालंल का?"

"सामोऱ्या? म्हंजे काय वं?"

"सांग त्याला तसंच. परीक्षा पास हाय, कळंल."

"आन् न्हाई म्हनले तर?"

गयाबाई बाजूच्या पातीतून म्हणाली, "तर तुला काय करायचंय? सायकल काढ आधी."

गेला. र.बी माझ्या पातीशेजारी येऊन उगाच उभी राहिली. मग म्हणाली, "हरळी मुळासकट काढ गं, अक्का." मला शिकवते! मुळासकटच काढत होते.

साहेब नाही म्हणाला तर काय करायचं, माहीत नाही. हो म्हणाला तर काय, ते त्याहून माहीत नाही.