मायला पाजलेला चहा

आण्णा,

तुमचा फोटो उद्याही भिंतीवर लागणार नाही. तेवढं आधी सांगून टाकते. दूध संस्थेच्या नव्या हॉलमध्ये माजी चेअरमन म्हणून तुमचा फोटो लावावा, असा ठराव उद्याच्या बैठकीत येणार आहे. आज दुपारी सचिव घरी आला, ओट्यावर बसला, तांब्याभर पाणी प्याला आणि चाचरत म्हणाला, "आक्का, समदे म्हणतेत, दुष्काळात चाऱ्याची छावणी आण्णांनीच चालवली, गावची जनावरं त्यांच्यामुळं जगली. लई वर्षं झाली की आता. कावून अडवायल्या?" मी म्हणाले, "मी या खुर्चीत हाय तवर न्हाई." तो चप्पल घालून निघून गेला. होय, तुमच्या खुर्चीत आता मी बसते. गादी बदलून घेतली, बाकी खुर्ची तीच आहे.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुमचं एकुलतं लेकरू मी, आणि तुम्ही घरजावई करून आणलेला माझा नवरा देवमाणूस, त्यामुळं पितृपक्षात तुमचं पान मीच वाढते. तुम्हाला शेपूचा वास चालत नव्हता. भाजीत शेपूची काडी दिसली तरी तुम्ही ताट सारून उठायचा आणि माय दिवसभर चोरासारखी घरात वावरायची. मी दरवर्षी तुमच्या पानावर शेपूच वाढते, चांगली मूठभर. कावळा येतो आणि आधी तीच उचलतो, याचाही मला राग येतो. नवरा म्हणतो, "अगं, मेलेल्या माणसावर कसला डूख धरतीस?" धरते. जिवंत माणसावर धरायला मला वेळच थोडा मिळाला.

मायच्या टाचेखालचा तो काळा ठिपका पहिल्यांदा तुम्हीच पाहिला होता. बिब्बा देण्यात तुमचा हात चांगला, असं सगळं गाव म्हणायचं. दाभणाला बिब्बा टोचायचा, चिमणीच्या ज्योतीवर धरायचा, तेल चुरचुरायला लागलं की टाचेच्या भेगेत चटका द्यायचा. बाया तोंडात पदर कोंबून बसायच्या आणि आठ दिवसांनी येऊन सांगायच्या, दुखायचं थांबलं. पण बिब्ब्याचा काळा डाग महिनोन्महिने जात नाही. आपल्याकडं निम्म्या बायकांच्या टाचा अशाच काळ्या, त्यामुळं मायची टाच काळी दिसली तर दचकायचं कुणी? डाग वाढला की तुम्ही म्हणायचा, "बिब्बा उतलाय," आणि पुन्हा चटका द्यायचा. असं वर्ष गेलं. त्याचा राग मी धरत नाही, आण्णा. ती चूक आपल्याकडं कुणीही केली असती. चिमणी धरून शेजारी मीच बसलेली असायचे.

मग तो डाग ओला झाला, त्यातून पाणी येऊ लागलं, आणि बीडच्या डॉक्टरनं आम्हाला औरंगाबादला पाठवलं. तिथं एका तरण्या डॉक्टरीणबाईनं मायची टाच स्वतःच्या तळहातावर घेतली. एवढी शिकलेली बाई आपल्या पायाला हात लावते म्हणून माय ओशाळून पाय मागं ओढत होती. बाई म्हणाल्या, "हा बिब्बा नाही. हा कातडीचा कॅन्सर आहे, मेलानोमा म्हणतात." टाचेचं मांस कापून काढलं, मांडीची कातडी तिथं लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. तेव्हा तुम्ही चांगले वागलात, हे मला लिहावंच लागेल. गावात जीप थांबली तेव्हा सगळ्या आळीदेखत तुम्ही मायला दोन्ही हातांवर उचलून घरात आणलंत. माय पुढं चार दिवस दाराबाहेर पडली नाही, इतकी लाजली होती, आणि इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट तिघांना समोर बसवून सांगितली होती. ऑपरेशन झालं म्हणजे आजार संपला असं नाही, तो गुपचूप दुसरीकडं जाऊन बसतो, म्हणून दर सहा महिन्यांनी स्कॅन करायचा आणि चुकवायचा नाही. रात्रीच्या जेवणानंतर पोटात काही जाऊ द्यायचं नाही, फक्त पाणी. नर्सनं तर तुमच्याकडं बघून सांगितलं, "आजोबा, चहाचा घोटसुद्धा नाही बरं का, साखर पोटात गेली की स्कॅन होत नाही. आणि सुईचं औषध त्याच दिवसापुरतं मागवलेलं असतं, ते उरवून ठेवता येत नाही." तुम्ही मान डोलावलीत.

पहिल्या दोन स्कॅनना मी गेले. सुई टोचली की मायला तासभर एका खोलीत गप्प बसवायचे, बोलायचं नाही, हलायचं नाही. माय म्हणायची, "जन्मात पहिल्यांदा कुनी मला बस म्हनलं." मग ते मशीन, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत रिपोर्टची वाट. ती वाट तुम्हाला माहीत नाही, तुम्ही कधी आला नाहीत. त्या बाकड्यावर मी खालच्या फरश्या मोजत बसायचे, नाव पुकारलं की ऐकलंच नाही असं करायचे. दोन्ही वेळा रिपोर्ट चांगला आला. दोन्ही वेळा परतताना मायनं नारायणगडाच्या दिशेनं हात जोडले आणि एसटीत निवांत झोपली.

तिसऱ्या स्कॅनच्या वर्षी पालीच्या धरणाचा तळ उघडा पडला होता. माळावर आपल्या संस्थेची चारा छावणी लागली, तुम्ही चेअरमन. दिवस उगवायच्या आत तुम्ही छावणीवर, टँकर आला की तुम्ही, ऊस उतरला की तुम्ही. गाव तुमच्या नावानं हात जोडत होतं आणि ते तुम्हाला आवडत होतं. स्कॅनची तारीख कॅलेंडरवर दोन महिने आधीपासून मी लाल पेननं गोल करून ठेवली होती. नेमकं त्याच दिवशी साहेबलोकांचं पथक छावणी तपासायला येणार, असा निरोप आला.

सकाळ आहे. माय न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर फाइल घेऊन ओट्यावर बसली आहे. तुम्ही टोपी झटकत बाहेर येता आणि म्हणता, "जीप आज मला लागती. सायबांना आनायचंय." मी म्हणते, "मग आमी एसटीनं जातो." तुम्ही म्हणता, "आन् सैपाक? पंधरा मान्सं हायेत जेवायला. चेअरमनच्या घरी बाहेरचं खाऊ घालू का? हिला काय झालंय आता, चालती हाय, फिरती हाय. मशीन काय पळून चाललंय का?" माय फाइलीची दोरी सोडते आणि बांधते. मग तुम्ही आत जाता. चुलीवर तुमच्यासाठी केलेला चहा असतो. तो तुम्ही कपात ओतता, खाली बशी धरता, बाहेर येऊन मायच्या हातात देता. "घे. उपाशी कावून मरतीस." एवढ्या वर्षांच्या संसारात तुम्ही तिला स्वतःच्या हातानं दिलेला तो एकच कप. आणि तो तुम्ही कशासाठी दिलात हे त्या ओट्यावर सगळ्यांना कळत होतं. माय तो प्याली. फाइल खुंटीला अडकवली, लुगडं बदललं आणि पुरण शिजायला टाकलं.

दुपारी पथक आलं. मोठ्या साहेबांचं पोट बिघडलेलं होतं, त्यांनी दोन घोट ताक घेतलं. बाकीचे म्हणाले, आमचं मागच्या छावणीवर झालं. पुरणपोळ्यांची टोपली संध्याकाळी छावणीवरच्या गड्यांनी संपवली. तुम्ही मात्र तुमची वाहवा झाल्याच्या आनंदात होता.

पुढची तारीख मिळाली, तेव्हा छावणीला मुदतवाढ आली होती. त्याच्या पुढच्या तारखेला तुम्ही म्हणालात, छावणी उठू द्या एकदाची. पाचव्या महिन्यात मायला दम लागायला लागला आणि मग स्कॅन झाला. गाठी फुप्फुसात, काळजात, सगळीकडं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, ठरल्या दिवशी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "कदाचित एखादीच गाठ सापडली असती, काढता आली असती. खात्रीनं नाही सांगता येणार." छावणी उठायच्या आत माय गेली.

तेराव्याला पंगत बसली होती. भावकी, संस्थेचे डायरेक्टर, तुमचे पुढारी. कुणीतरी म्हणालं, चेअरमननं बायकोसाठी औरंगाबादच्या चकरा मारल्या, लई केलं. मी वाढपाचं भांडं खाली ठेवलं आणि सगळ्यांदेखत बोलले. "स्कॅनच्या दिवशी यांनी तिला चहा पाजला. सायबांच्या सैपाकासाठी. माझी माय यांनी मारली." हातातले घास हातात राहिले. तुम्ही मान खाली घालून द्रोणातलं वरण बघत बसलात. त्या दिवसापासून पारावर तुमचं नाव चहावाला चेअरमन पडलं. पुढच्या निवडणुकीत तुम्हाला सूचकसुद्धा मिळाला नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तीन वर्षं तुम्ही ओसरीत बसून राहिलात, मी रोज ताट आपटून वाढलं, आणि एका सकाळी तुम्ही उठलाच नाहीत. मी रडले नाही, ते सगळ्यांनी बघितलं.

आता जे कुणालाच माहीत नाही ते लिहिते. कपबशी हातात आली तशी माय लगेच चहा प्याली नव्हती. ती अडाणी होती, पण नियम तिला पाठ होता. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "पिऊ का गं?" तुमचं ती ऐकायची, पण दवाखान्याच्या बाबतीत तिचा भरवसा माझ्यावर होता. मी नको म्हणाले असते तर तिनं कप खाली ठेवला असता आणि आम्ही एसटीनं गेलो असतो, मग तुम्ही कितीही आदळआपट करा. मी म्हणाले, "पी माय. पुढची तारीख घेऊ." मला त्या बाकड्यावर पुन्हा बसायची भीती वाटत होती. आज रिपोर्ट नाही म्हटल्यावर माझा जीव हलका झाला होता.

तुम्ही हातभर अंतरावर उभे होता, आण्णा. तुम्ही ऐकलं. मी वर पाहिलं तेव्हा तुम्ही माझ्याकडंच बघत होता. तेराव्याला तुम्ही एवढंच म्हणाला असता, की पी म्हणून तूच म्हणालीस, तर पंगतीनं माझ्याकडं बघितलं असतं. तुम्ही म्हणाला नाहीत. खुर्ची गेली तेव्हा नाही, पारावर पोरं हसली तेव्हा नाही, घरात आपण दोघंच असताना नाही. तुम्हाला ते आठवत नव्हतं की तुम्ही मला झाकलंत, हे मी कधी विचारलं नाही. झाकलं असेल तर तेच मला सगळ्यात जास्त सहन होत नाही. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. पंगतीत मी बोलले तेच गावात खरं राहील, कारण दुसरं बोलायची माझ्यात हिंमत नाही. तुम्ही एवढं सोसलंत, तेवढं अजून सोसा.